पियानो बोटीत चढत नाही

किनाऱ्यावरचे सूर : लेखांक ९

गेल्या आठवड्यात ट्रंपेटवाल्यांचं सांगून झालं. गोव्यातल्या हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ मुंबईत 'चिक चॉकलेट' कसे झाले, तिथे आपण थांबलो होतो. ही मंडळी मुंबईला गेली त्यातली कितीतरी आमच्या दारावरून गेली. पणजीहून सुटलेली आगबोट वेंगुर्ला, मालवण, देवगड, विजयदुर्ग अशी बंदरं घेत वर सरकायची. देवगडला पडावातून बोटीवर चढणारा चाकरमानी आणि डेकवर आधीच पथारी टाकून बसलेला गोव्याचा वादक एकाच दर्जाचे उतारू. मुंबईत उतरल्यावर एकाला लालबाग-गिरगावात गावच्या मंडळाची खोली, दुसऱ्याला धोबीतलावच्या जेर महालात गावाचा कूड. दोन्हीकडे भिंतीला लावलेल्या ट्रंका, आणि नोकरी लागेपर्यंत कुणी हाकलणार नाही एवढा भरवसा.

आता या लेखांकाचा विषय पियानो, आणि इथेच पंचाईत आहे. व्हायोलिन बगलेत मावतं, ट्रंपेट उशाला घेऊन झोपता येतं. पियानोला ८८ पट्ट्या, आत दोनशेवर पोलादी तारा, आणि साधा उभा पियानो घेतला तरी वजन दोन-अडीचशे किलो. तो पडावात उतरत नाही आणि कुडाच्या जिन्यावरून वर जात नाही. शिवाय खाऱ्या हवेचं आणि त्याचं वैर. तारा गंजतात, पावसाळ्यात लाकूड फुगतं, पट्टी दाबली की वर यायलाच तयार नसते. म्हणजे तो सांभाळायला कोरडी खोली हवी, वर्षातून एक-दोनदा सूर लावणारा कारागीर हवा आणि त्याला द्यायला पैसे हवेत.

माझ्या मते मुंबईच्या जॅझचा निम्मा इतिहास या वजनात आहे. गोव्यात पोर्तुगीज अमदानीत चर्चच्या शाळांमधून 'मेस्त्री' पोरांना स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवत. शिक्षण फुकट, वाद्य हलकं. म्हणून गरिबाघरचा मुलगा व्हायोलिन किंवा ट्रंपेट घेऊन मुंबई, कराची, लाहोर, कुठेही जाऊ शकला. पियानो मात्र भाटकारांच्या, म्हणजे जमीनदारांच्या, दिवाणखान्यात. त्यामुळे मुंबईच्या हॉटेलांतल्या बँडमध्ये ट्रंपेट, सॅक्सोफोन, ट्रॉम्बोन या जागा गोंयकारांनी भरल्या, पियानोच्या स्टुलावर मात्र बरेचदा कुणी वेगळंच माणूस दिसतं.

असा पहिला मोठा माणूस म्हणजे टेडी वेदरफर्ड. जन्म १९०३ चा, अमेरिकेतल्या व्हर्जिनियातला. (अपोलो बंदरचं ताजमहाल हॉटेलही त्याच वर्षी उघडलं. योगायोगच, पण मला तो आवडतो.) पोरवयात न्यू ऑर्लिन्समध्ये पियानो शिकला, मग शिकागोला गेला. तिथल्या व्हेन्डोम थिएटरात मूकपट चालत आणि पडद्यासमोर अर्स्किन टेटचा वाद्यवृंद वाजे. त्या वृंदात ट्रंपेटवर लुई आर्मस्ट्राँग आणि पियानोवर वेदरफर्ड. १९२६ च्या मे महिन्यात या वृंदाची जी तबकडी निघाली, तिच्यात दोघेही ऐकू येतात. वेदरफर्ड तेव्हा तेवीसही वर्षांचा नव्हता आणि शिकागोतले होतकरू पियानोवादक त्याला ऐकायला येत. अर्ल हाइन्स हा त्यांतलाच एक.

त्याच वर्षी वेदरफर्डने जॅक कार्टरच्या बँडबरोबर आशियाची बोट धरली. दोन वर्षांनी आर्मस्ट्राँगच्या गाजलेल्या तबकड्या निघाल्या, तेव्हा पियानोवर हाइन्स होता. १९२८ च्या डिसेंबरात दोघांनी नुसत्या ट्रंपेट-पियानोची एक जुगलबंदी ध्वनिमुद्रित केली. जॅझच्या कुठल्याही इतिहासात तिला मानाचं पान असतं. वेदरफर्डच्या वाट्याला बहुधा तळटीप येते. हाइन्स थोर होता, यात वाद नाही. पण जो माणूस स्टुलावरून उठला, त्याचं पुढे काय झालं हे पाहणं मला जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण तो उठून आपल्याकडे आला.

आधी सिंगापूर, मनिला, शांघाय. शांघायला कॅनिड्रोम नावाचं कुत्र्यांच्या शर्यतींचं मैदान होतं आणि त्याला जोडून झगमगीत नृत्यशाळा. १९३४ साली वेदरफर्ड अमेरिकेत जाऊन तिच्यासाठी बक क्लेटनचा अख्खा बँड घेऊन आला. हाच क्लेटन पुढे काउंट बेसीच्या बँडमध्ये ट्रंपेटवर नावारूपाला आला. कवी लँग्स्टन ह्यूज शांघायला गेला होता तेव्हा त्याला वेदरफर्ड भेटला आणि आपल्या आत्मकथनात त्याने त्याच्याबद्दल लिहूनही ठेवलं.

मुंबईत जॅझचं मोठं पर्व ताजमध्ये सुरू झालं ते १९३५ साली, व्हायोलिनवादक लिऑन अ‍ॅबीच्या कृष्णवर्णीय अमेरिकन बँडने. मग सूत्रं कॉर्नेटवाल्या क्रिकेट स्मिथकडे गेली. वेदरफर्ड त्याच्या बँडमध्ये पियानोवर बसला आणि पुढे बँडच त्याच्या हाती आला. १९३७ मध्ये पॅरिसला जाऊन त्याने एकट्याच्या पियानोच्या तबकड्याही केल्या. शिकागो, शांघाय, मुंबई, पॅरिस. जिथे गेला तिथे पियानो आधीच उभा होता. हॉटेलने घेतलेला, हॉटेलने सुरात ठेवलेला. वादकाने फक्त दहा बोटं न्यायची.

त्या दहा बोटांचं काम काय, हे इथेच सांगितलेलं बरं. वेदरफर्डच्या पिढीत डावा हात ताल धरायचा. खालच्या टोकाला एक जड सूर, लगेच झेप घेऊन मधल्या भागात तीन-चार सुरांचा एकत्र आघात, पुन्हा खाली, पुन्हा मध्ये. हातभर अंतराची ही उडी न बघता आणि न चुकता घ्यायची. उजवा हात मोकळा, तो गाण्याची चाल धरतो, मोडतो, नव्याने बांधतो. या पद्धतीला 'स्ट्राइड' म्हणतात, म्हणजे ढांगा टाकणं. बँडमध्ये दुसरा कुणी एकट्याने वाजवायला उभा राहिला की पियानोवाला आवरतं घेतो. नेमक्या जागी कॉर्डचा, म्हणजे सुरांच्या जुडग्याचा, हलका ठोसा देऊन पुढच्याला वाट दाखवतो. आमच्याकडे दशावतारात पायपेटीवाला नेमकं हेच करतो. नटाच्या हातात लिहिलेली संहिता नाही, राजा किती वेळ बोलेल आणि पद कुठल्या पट्टीत उचलेल याचा नेम नाही. तरी त्याने तोंड उघडण्याआधी सूर तयार हवा.

दोघांची अडचणही एकच आहे. पट्टीचं वाद्य सूर वाकवू शकत नाही. गळ्यात किंवा सतारीत मींड येते, पट्टी मात्र एकतर हा सूर देते नाहीतर तो. ब्लूज या गानप्रकारात दोन पट्ट्यांच्या फटीत राहणारा एक दुखरा सूर असतो. पियानोवाले त्यावर तोड म्हणून शेजारच्या दोन पट्ट्या जवळपास एकदम दाबतात किंवा एकीवरून दुसरीवर बोट घसरवतात, आणि कानाला तो मधला सूर ऐकू आल्याचा भास होतो. पेटीवाले हेच चपळ कणस्वरांनी साधतात. सूर वाकत नाही म्हणून आकाशवाणीने १९४० पासून पेटीला कित्येक वर्षं दाराबाहेर ठेवलं. अमेरिकेत पियानोवर अशी बंदी कुणी घातली नाही. तिथे वाद्याच्या मर्यादेतूनच एक शैली उभी राहिली.

शैली घडली ती चढाओढीतून. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात भाडं थकलं की घरमालक नव्हे, भाडेकरूच मेजवानी ठेवायचा. दारात पैसे घ्यायचे, पियानोवाले बोलवायचे, जमलेल्या पैशांतून भाडं चुकवायचं. अशा रात्री पियानोवाल्यांचे सामने रंगत. सिंधुदुर्गाच्या वाचकाला हा प्रकार समजावून सांगायला नको, ती भजनाची डबलबारीच. एका बुवाने गजर असा चढवायचा की समोरच्याला पेटी उघडायची भीती वाटावी, आणि समोरच्याने त्याच चालीला उलटा पेच घालून परत पाठवायची. जेम्स पी. जॉन्सन, त्याचा शिष्य फॅट्स वॉलर आणि 'लायन' म्हणवून घेणारा विली स्मिथ हे तिथले नावाजलेले बुवा. १९३२-३३ च्या सुमारास ओहायोतून आर्ट टेटम नावाचा जवळजवळ अंध तरुण आला आणि या तिघांच्या समोर वाजवायला बसला. निकाल काय लागला त्यावर पुढे तिघांपैकी कुणीही वाद घातला नाही.

वेदरफर्ड हार्लेमच्या त्या बारीत कधी नव्हताच. मुंबईहून तो कोलंबोला आणि मग कलकत्त्याच्या ग्रँड हॉटेलात गेला. युद्धाचा काळ, शहर गोऱ्या-काळ्या सैनिकांनी भरलेलं, त्याचा बँड रेडिओवरून त्यांच्यासाठी वाजे. १९४५ च्या एप्रिलमध्ये पटकीने तो गेला, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी.

इकडे ताजमध्ये १९३९ पासून मिकी कोरियांचा बँड दोन दशकं वाजत राहिला. त्यांच्या पियानोवर बसत ल्युसिला पाशेको. बँडमधली एकटी बाई म्हणून फोटोत त्या पटकन ओळखू येतात. बाई असणं हा अपवाद वाटेल, पण वर म्हटलं तो हिशेब मांडला तर त्यात नवल नाही. पियानो घरात राहणारं वाद्य आणि घरात राहून शिकणाऱ्या मुली. बोटीने जाणाऱ्या मुलग्यांना जे मिळालं नाही, ते त्यांना मिळालं. पाशेकोबाई पुढे हिंदी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणातही पियानो वाजवायला जात. शेकडो पुरुषांच्या त्या धंद्यात बायका बोटांवर मोजण्याएवढ्या, आणि पडद्यावर नाव कुणाचंच नाही.

स्टुडिओची वाट बहुतेकांनी धरली ती दारूबंदीनंतर. मुंबई इलाख्याचा दारूबंदी कायदा १९४९ चा. प्याला गेला तसा नाचणारा गिऱ्हाईकही गेला आणि हॉटेलांना महागडे बँड जड झाले. आणि स्टुडिओत या वादकांची गाठ पडली ती आपल्या मराठी माणसांशी. पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र, मिनर्व्हा मूव्हीटोनमध्ये संगीतकारांच्या हाताखाली पेटी वाजवत वर आले होते. भगवानदादांच्या 'अलबेला'त (१९५१) त्यांनी चिक चॉकलेटना सोबत घेतलं. चिकचा बँड त्या चित्रपटात पडद्यावरही दिसतो. मुंबईच्या गिरणगावात ज्या सुरांवर टाळ्या पडल्या, ते सूर काही वर्षं आधी फक्त ताजच्या बॉलरूममध्ये वाजत होते, जिथे आमच्याकडचा माणूस श्रोता म्हणून शिरण्याची सोयच नव्हती.

पुढे अमेरिकन सरकारने आपले पियानोवाले स्वखर्चाने पाठवायला सुरुवात केली. शीतयुद्ध होतं, हेतू उघड होता. १९५८ मध्ये डेव्ह ब्रूबेक आला आणि मुंबईत सतारिये अब्दुल हलीम जाफर खाँ यांच्याबरोबर बसून वाजवून गेला. त्याने इथल्या एडवर्ड साल्ढाणा ऊर्फ 'डिझी साल' या तरुण पियानोवादकाला हेरलं. १९५९ मध्ये डिझी साल शिष्यवृत्तीवर बॉस्टनच्या बर्कली संगीतशाळेत पोचला. १९६३ मध्ये ड्यूक एलिंग्टन आला. त्याच्यासोबत बिली स्ट्रेहॉर्न हा त्याचा वीस-पंचवीस वर्षांचा जोडीदार, तोही पियानोवादक. एका बँडला दोन पियानोवाले कशाला, असं कुणी विचारलं तर उत्तर दिल्लीत मिळालं. ड्यूक आजारी पडून इस्पितळात गेला, स्ट्रेहॉर्न पियानोवर बसला आणि कार्यक्रम चालू राहिले. या दौऱ्यातून दोघांनी मिळून 'फार ईस्ट सुइट' रचलं. त्यात दिल्लीच्या एका पक्ष्याच्या शिळेवर बांधलेली रचना आहे. स्ट्रेहॉर्न १९६७ मध्ये गेला. त्याच्या कितीतरी रचना लोक आजही ड्यूकच्या नावावर मांडतात.

शेवटी लुई बँक्स. दार्जिलिंगचा नेपाळी कुटुंबातला, जन्म १९४१. वडील ट्रंपेट वाजवत. आर्मस्ट्राँगच्या वेडापायी त्यांनी मुलाचं नाव बदलून लुई ठेवलं. मुलगा आधी गिटार आणि ट्रंपेट शिकला, पियानोकडे नंतर वळला. कलकत्त्याच्या पार्क स्ट्रीटवरच्या ब्लू फॉक्समध्ये गायिका पाम क्रेन आणि गोव्याचे सॅक्सोफोनवादक ब्राझ गोन्साल्विस यांच्याबरोबर तो वाजवत असताना राहुलदेव बर्मन यांनी त्याला ऐकलं आणि मुंबईला ओढून आणलं. तोवर हाताखाली उचलून नेता येणारा विजेचा कीबोर्ड आला होता. हॉटेलचा पियानो कुठे आहे, हा प्रश्न संपला. रंगभवनात १९७८ पासून भरणाऱ्या जॅझ यात्रेत, जाहिरातींच्या स्टुडिओत, कर्नाटक संगीताच्या मंडळींबरोबर, बँक्स सगळीकडे दिसू लागला.

१५ ऑगस्ट १९८८ ला दूरदर्शनवर 'मिले सुर मेरा तुम्हारा' लागलं, ते देवगडातल्या मोजक्या टीव्ही-संचांसमोर गर्दी करून पाहिलं गेलं. सुरुवात भीमसेन जोशींच्या भैरवीने. संगीतकार अशोक पत्की, ज्यांची उमेदवारी सुमन कल्याणपूर यांना पेटीची साथ करण्यात गेली. वाद्यमेळाची बांधणी लुई बँक्सची. प्रत्येक भाषेबरोबर चाल, लय आणि वाद्यं बदलत जातात, आणि एका भाषेतून दुसरीत जाताना सांधा कुठेही खटकत नाही. पुन्हा ऐकाल तेव्हा गायकांकडे दुर्लक्ष करा आणि फक्त ते सांधे ऐका. सी. रामचंद्र आणि चिक चॉकलेट यांच्यानंतर सदतीस वर्षांनी पुन्हा एक मराठी पेटीवाला आणि एक जॅझवाला शेजारी बसले होते.

पुढच्या लेखांकात ब्राझ गोन्साल्विस आणि सॅक्सोफोन.