सिकंदरसाहेबाच्या दोन आया

एकीने जन्म दिला आणि तो बारा वर्षांचा असतानाच जगाचा निरोप घेतला. दुसरीने रणांगणात भाकरतुकडा देऊन त्याला जगवले. ‘स्किनर्स हॉर्स’ या प्रसिद्ध घोडदळाच्या संस्थापकाची ही कहाणी.

दिल्लीत काश्मिरी गेटजवळ घुमटाचे एक जुने चर्च आहे. सेंट जेम्स चर्च. ते बांधणारा माणूस आतच चिरविश्रांती घेतो आहे. त्याचे नाव कर्नल जेम्स स्किनर. दिल्ली आणि हांसीचे लोक मात्र त्याला ‘सिकंदरसाहेब’ म्हणत.

जेम्सचा जन्म 1778 सालचा, कलकत्त्याचा. वडील हर्क्युलिस स्किनर हे ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतले स्कॉटिश अधिकारी. आई राजपूत जमीनदाराची लेक. चौदाव्या वर्षी लढाईच्या धामधुमीत ती कैद झाली आणि पुढे हर्क्युलिसच्या घरी आली. तीन मुलगे, तीन मुली असा संसार वाढला. साहेबाच्या घरात राहूनही तिने राजपुतांचा पडदा सोडला नव्हता.

1790 मध्ये वडिलांनी मुलींना शाळेत घालायचे ठरवले. त्यांचा हेतू वाईट नव्हता. पण मुली पडद्याबाहेर जाणार म्हणजे घराण्याची अब्रूच गेली, असे त्या माऊलीला वाटले. तिने स्वतःचे जीवन संपवले. आईविना झालेल्या जेम्सची आणि त्याच्या भावाची रवानगी धर्मादाय शाळेत झाली.

खिशात चार आणे

लष्करात जायचे जेम्सच्या मनात होते, पण वाट बंद होती. आईवडिलांपैकी कोणीही एक हिंदी असेल, तर त्या मुलाला कंपनीच्या मुलकी वा लष्करी सेवेत अधिकारी म्हणून घ्यायचे नाही, असा नियम कंपनीने 1791 मध्ये केला होता. बाप गोरा असून उपयोग नव्हता. आई आडवी आली!

वडिलांनी त्याला सात वर्षांच्या कराराने एका छापखान्यात उमेदवारीला लावले. तीन रात्रीतच पोरगा पळाला. खिशात होते चार आणे. ते संपल्यावर त्याने बाजारात ओझी वाहिली, सुताराकडे रोजंदारी केली. शेवटी बहिणीच्या नवऱ्याच्या नोकराने त्याला ओळखले आणि घरी आणले. पुढे धर्मपिता कर्नल बर्न यांना त्याची दया आली. त्यांनी पैसे दिले, शिफारसपत्र दिले आणि जेम्स उत्तरेकडे निघाला.

ज्याला कंपनीने नाकारले, त्याला मराठ्यांनी ठेवून घेतले. शिंद्यांच्या कवायती पलटणी तेव्हा फ्रेंचभाषक सेनापती डी बॉयनच्या हाताखाली होत्या. तिथे जेम्सला दरमहा 150 रुपयांची नोकरी मिळाली. मराठ्यांची घोडेस्वारी, भालाफेक, दौडत्या घोड्यावरून तलवार चालवणे हे सारे तो तिथेच शिकला.

भाकरीचा तुकडा, पाण्याचा घोट

1800 च्या सुमारास राजपुतान्यात उनियाऱ्याजवळ झालेल्या लढाईत त्याच्या पलटणीची धूळधाण उडाली. गोळी लागून तो कोसळला. भोवती मृत आणि जखमी पडलेले. रात्री कोल्ह्यांची भीती, दिवसा तहानेने जीव कासावीस. यातून वाचलो तर चर्च बांधीन, असा नवस तो तिथे बोलला.

दुसऱ्या दिवशी एक म्हातारा आणि एक बाई तिथे आली. बाईजवळ टोपली आणि पाण्याचे मडके होते. ती प्रत्येक जखमीला ज्वारीच्या भाकरीचा तुकडा आणि पाणी देत होती. ती अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातली होती. शेजारी पडलेल्या राजपूत सुभेदाराचा पाय तुटला होता, तरी त्याने तिच्या हातचे पाणी नाकारले. जेम्सने ते घेतले. पुढे बरा झाल्यावर त्याने तिला एक हजार रुपये पाठवले आणि निरोप दिला, की मी तुम्हाला आई मानतो.

पिवळे स्वार

1803 मध्ये इंग्रज आणि मराठे यांच्यात युद्ध पेटले. तेव्हा डी बॉयनच्या जागी आलेल्या पेरॉनने इंग्रज रक्ताच्या अधिकाऱ्यांना काढून टाकले. इकडे आईमुळे दार बंद झाले होते, तिकडे आता बापामुळे झाले. जेम्स इंग्रज सेनापती लॉर्ड लेकला जाऊन मिळाला, पण जुन्या धन्यावर, शिंद्यांवर, शस्त्र धरणार नाही, अशी अट घालूनच. पेरॉनचे जे स्वार इंग्रजांकडे आले, त्यांनी आपला सरदार म्हणून त्यालाच मागून घेतले. पिवळ्या अंगरख्यांचे हे घोडदळ म्हणजेच ‘स्किनर्स हॉर्स’.

हजारो स्वार हाताखाली आले, तरी इंग्रजी फौजेतला रीतसर हुद्दा मिळायला त्याला कित्येक वर्षे वाट पाहावी लागली. अखेर लेफ्टनंट कर्नलचा हुद्दा आणि इंग्लंडच्या राजाकडून ‘कम्पॅनियन ऑफ द बाथ’ हा किताब मिळाला.

त्याचे घर हांसीला, आताच्या हरियाणात होते. राहणी मोगल अमिरासारखी. बायका-मुलांचे कुटुंब मोठे. त्यात ख्रिस्ती आणि मुसलमान दोन्ही चालीरीती सुखाने नांदत. तो लिही तो फारसीत. हिंदुस्थानातल्या जातिजमातींची माहिती देणारा ‘तश्रीह-उल-अक्वाम’ हा त्याचा सचित्र ग्रंथ 1825 चा आहे.

रणांगणातला नवस त्याने विसरला नाही. सुमारे 95,000 रुपये खर्चून बांधलेले सेंट जेम्स चर्च 1836 मध्ये उपासनेसाठी खुले झाले. 4 डिसेंबर 1841 ला हांसीत त्याचे निधन झाले. पुढच्या महिन्यात त्याचे शव दिल्लीला आणून या चर्चमध्ये दफन केले, तेव्हा त्याचे स्वार सोबत होते आणि रस्त्यावर लोकांची गर्दी लोटली होती.

त्याची रेजिमेंट आजही भारतीय लष्करात आहे. घोड्यांची जागा रणगाड्यांनी घेतली, पण नाव तेच राहिले. 1960 च्या दशकात त्याच्याच एका वंशजाने, लेफ्टनंट कर्नल मायकेल स्किनर यांनी, तिचे नेतृत्व केले. ज्या घराण्यातल्या मुलाला हिंदी आईचा म्हणून कंपनीने परत पाठवले होते, त्याच घराण्यातला हा अधिकारी स्वतंत्र हिंदुस्थानच्या फौजेत मानाने उभा होता.