आत्मविश्वास घडतो रुग्णशय्येजवळ

१ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया जिल्हा अस्तित्वात आला. धानाची शेती, तलाव आणि वनराई यांनी नटलेल्या या सीमावर्ती जिल्ह्यात २०१६ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. कुंवर तिलकसिंह सामान्य रुग्णालय व बाई गंगाबाई स्त्री रुग्णालय यांच्याशी ते संलग्न करण्यात आले. सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगाव यांसारख्या दूरच्या तालुक्यांतील रुग्णांच्या दृष्टीने ही मोठी सोय होय. परंतु केवळ इमारती व उपकरणे यांनी आरोग्यसेवा उभी राहत नाही. त्यासाठी शिकण्याची ओढ असलेले आणि स्वतःवर विश्वास असलेले डॉक्टर व परिचारिका घडावे लागतात.

पहिल्या वर्षाची कसोटी

गावच्या शाळेत सदैव पहिला येणारा विद्यार्थी वैद्यकीय अथवा परिचर्या अभ्यासक्रमास येतो, तेव्हा इंग्रजीतील जाडजूड ग्रंथ आणि तितकेच हुशार सहाध्यायी पाहून बावरतो. वर्गात शंका विचारण्याचे तो टाळतो. त्याची बुद्धी कमी झालेली नसते, डळमळलेला असतो तो विश्वास. मात्र न विचारलेली शंका पुढे रुग्णासमोर उभी राहते, म्हणून हा प्रश्न विद्यार्थ्यापुरता उरत नाही.

विश्वासाचे चार उगम

मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये स्वक्षमतेवरील विश्वासाचे चार उगम सांगितले. स्वतः यशस्वीपणे केलेले काम हा त्यांतील सर्वांत प्रभावी होय. आपल्यासारख्याच दुसऱ्याला ते काम जमताना पाहणे, विश्वासू व्यक्तीने दिलेला धीर आणि मनाची व शरीराची अवस्था हे अन्य तीन. याचा अर्थ असा की, रक्तदाब मोजणे किंवा शिरेतून रक्त घेणे हे आधी पुतळ्यावर, मग शिक्षकांच्या देखरेखीखाली रुग्णावर, असे टप्प्याटप्प्याने शिकविल्यास भीती ओसरते. ‘छान’ एवढे म्हणण्यापेक्षा नेमके काय साधले व काय चुकले हे सांगणे अधिक उपयुक्त ठरते. चारचौघांत केलेला अपमान मात्र विद्यार्थ्याला गप्प करतो.

शिकण्याचे प्रयोजन

पूर्व विदर्भात आढळणाऱ्या सिकलसेल या आनुवंशिक आजाराचे उदाहरण घेता येईल. आई व वडील दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गर्भारपणात अपत्याला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. हे वाक्य परीक्षेसाठी पाठ करता येते. परंतु हाडांच्या वेदनांनी कळवळणारे मूल आणि त्याची चिंताक्रांत आई पाहिल्यानंतर तेच पान विद्यार्थी निराळ्या नजरेने वाचतो. गुणांसाठीचा अभ्यास परीक्षेबरोबर संपतो, माणसासाठीचा टिकतो. २०१९ पासून लागू झालेल्या क्षमताधिष्ठित वैद्यकीय अभ्यासक्रमात पहिल्याच वर्षी रुग्णसंपर्काला स्थान देण्यात आले, त्यामागील एक हेतू हाच आहे.

खरा आत्मविश्वास

आत्मविश्वास म्हणजे सर्व काही येते अशी घमेंड नव्हे. तशी घमेंड रुग्णाच्या जिवावर बेतू शकते. ‘हे मला अद्याप जमत नाही, पुन्हा दाखवा’ असे निःसंकोचपणे म्हणता येणे, हीच त्याची खूण होय. असे म्हणण्याची मोकळीक ज्या वर्गात व कक्षात मिळते, तेथे शिकलेले डॉक्टर व परिचारिका उद्या दूरच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात एकट्याने काम करतानाही डगमगणार नाहीत, आणि आवश्यक तेव्हा रुग्णाला वेळीच मोठ्या रुग्णालयात पाठविण्यास कचरणारही नाहीत.