जुनी हार्ड डिस्क, नवा संगणक

विंडोज १० या संगणक-प्रणालीस मिळणारा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला, आणि नवा संगणक घ्यावा कीं काय हा विचार पुष्कळ घरांतून सुरू झाला. नवी वस्तु आली कीं जुनी माळ्यावर जावयाची, हा आपल्या घरांचा नेहमींचा परिपाठ. तांब्यापितळेच्या भांड्यांस त्यानें अपाय होत नाहीं. कल्हई केली कीं तीं पुन्हां पंक्तीस येतात. संगणकांतील हार्ड डिस्केची गोष्ट मात्र निराळी आहे. मुंजी-लग्नांचीं छायाचित्रें, पत्रें, शेतीचे हिशेब असें घरचें पुष्कळसें संचित तिच्या पोटांत असतें, आणि तें नव्या यंत्रावर कसें आणावें हें बहुधा घरांत कोणासच ठाऊक नसतें.

परभणी जिल्ह्यांतील पूर्णा तालुक्यांत ताडकळस म्हणून गांव आहे. तेथील आमच्या परिचयाच्या एका एकत्र कुटुंबांत हाच प्रसंग आला. घरचे आजोबा निवृत्तीनंतर कित्येक वर्षें कुलवृत्तांत जुळवीत होते. क्षेत्रोपाध्यायांच्या वह्या, जुनीं मोडी कागदपत्रें आणि नातेवाईकांच्या तोंडच्या आठवणी यांवरून त्यांनीं नऊ पिढ्यांचीं नांवें मिळविलीं व स्वतः संगणकावर टंकलिखित केलीं. छापून घ्यावयाचें राहून गेलें, आजोबा वारले, पुढें संगणकहि बंद पडला. डिस्क शहरांतील एका दुकानांत दाखविली, तेव्हां "ही मेली आहे, टाकून द्या" असें उत्तर मिळालें. काकूंनीं ती टाकली नाहीं. जुन्या लुगड्याच्या तुकड्यांत गुंडाळून ट्रंकेंत ठेविली. थोरल्या नातवानें नवा लॅपटॉप आणल्यावर ती पुन्हां बाहेर निघाली.

जुनी डिस्क नव्या यंत्रांत बसत नाहीं याचें कारण साधें आहे: जोडणी बदलली. १९८६ च्या सुमारास निघालेल्या आयडीई पद्धतींत चाळीस पिनांची रुंद, पट्टीसारखी केबल असे. २००३ सालापासून तिची जागा अरुंद तोंडाच्या साटा केबलनें घेतली, आणि आजच्या बऱ्याच लॅपटॉपांत तर तीहि लावण्यास जागा नसते. यास्तव दोन्ही जातींच्या डिस्का यूएसबीस जोडून देणारा अडॅप्टर घ्यावा. त्याच्याबरोबर वीज देणारा वेगळा प्लग आहे ना, हें पाहूनच घ्यावा. कारण साडेतीन इंची डिस्केस ५ व १२ व्होल्ट अशी दुहेरी वीज लागते आणि साध्या यूएसबी तारेंतून पांचच व्होल्ट मिळते. वीज अपुरी पडली तर चांगली डिस्कहि मेल्यासारखी वाटते.

आणखी एक बारीकशी गोष्ट. आयडीई डिस्केच्या पाठीमागें जंपर नांवाचें एक चिमुकलें टोपण असतें. पूर्वीं एकाच केबलवर दोन डिस्का बसत. त्यांत थोरली कोण व धाकटी कोण हें त्या टोपणाच्या जागेवरून ठरे. एकत्र कुटुंबांतील वाचकांस या व्यवस्थेचें महत्त्व समजावून सांगावयास नकोच. अडॅप्टरास जोडतांना टोपण बहुधा 'मास्टर' या जागीं असावें लागतें. खुणा डिस्केवरील कागदावर छापलेल्या असतात. ताडकळसच्या डिस्केचें टोपण 'स्लेव्ह' या जागीं होतें. तें हलवितांच मेलेली डिस्क लॅपटॉपच्या पडद्यावर अवतरली!

कित्येकांची समजूत अशी कीं, डिस्क जोडली म्हणजे जुना संगणकच जसाच्या तसा पुढें उभा राहील. तसें होत नाहीं. विंडोज एक्सपी ही प्रणाली २००१ सालची; आजच्या यंत्रांतील घटकांची तिला ओळख नाहीं, आणि यंत्र सुरू होण्याची रीतहि आतां पालटली आहे. म्हणून जुन्या डिस्केस नव्या घरची यजमानीण करूं नये. पाहुणी म्हणून बसवावें, तिच्याजवळचें सर्व उतरून घ्यावें आणि सन्मानानें निरोप द्यावा.

या पाहुणचारांत दोन धोके आहेत. डिस्क जोडतांच कधींकधीं संगणक विचारतो कीं, ही फॉर्मॅट करावयाची काय? येथें होकार म्हणजे पाटी पुसून टाकण्यास संमति होय. प्रश्न बंद करावा व जाणत्या माणसास दाखवावें. फोल्डर उघडण्याची परवानगी नाहीं असें उत्तर आलें तर मात्र घाबरूं नये. तें कुलूप जुन्या खातेदाराच्या नांवाचें असतें आणि नव्या यंत्राच्या मुख्य खात्यावरून बहुधा उघडतां येतें. दुसरा धोका आवाजाचा. डिस्केच्या तबकड्या मिनिटास ५४०० किंवा ७२०० फेरे घेतात आणि वाचणारें टोंक केसाच्या जाडीहूनहि फार कमी अंतरावरून त्यांवर तरंगत असतें. एकसारखा टक्-टक् असा आवाज येऊं लागला तर तत्काळ वीज काढावी. घरीं डिस्क उघडणें म्हणजे तिचा अंत करणें होय. ती शीतपेटींत ठेवण्याचा जो उपाय ऐकूं येतो तोहि आमच्या मतें करूं नये. शिवाय मराठवाड्यांतील वैशाखांतली दुपार या कामास योग्य नव्हे. पहांटे बसावें, आणि मध्येंच वीज जाण्याचा संभव असल्यास अडॅप्टर यूपीएसवर लावावा.

ताडकळसला सर्व फाईली दोन तासांत उतरल्या. घरांत पेढे वांटले गेले. मग नातवानें कुलवृत्तांताची फाईल उघडली, आणि पडद्यावर दिसलीं तीं रोमन अक्षरें, त्यांत मधूनच विसर्गासारखीं ठिपके व अर्थहीन चिन्हें!

आमच्या मतें जुन्या डिस्केची खरी अडचण येथून सुरू होते, आणि तिची वाच्यता फारशी होत नाहीं. युनिकोडमध्यें देवनागरीस १९९१ सालीं स्थान मिळालें, तरी घरोघरचें मराठी टंकलेखन पुढेंहि पुष्कळ वर्षें पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या श्रीलिपीसारख्या फॉन्टांतून चालू होतें. अशा फॉन्टांत संगणक सांठवी तीं वस्तुतः रोमन चिन्हेंच. त्यांवर मराठीचा मुखवटा तेवढा चढविलेला असे. फॉन्ट नाहींसा झाला कीं मुखवटा गळतो. मराठवाड्यांतील लोकांस हें दुःख अपरिचित नाहीं. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यांत होता. २०२३ सालीं न्यायमूर्ति संदीप शिंदे समितीनें कुणबी नोंदींचा शोध आरंभिला, तेव्हां जुनीं दप्तरें हातीं असूनहि उर्दू व मोडी वाचणारीं माणसें शोधावीं लागलीं.

उपाय त्या डिस्केंतच होता. विंडोजच्या फोल्डरांत फॉन्ट्स नांवाचें पोटफोल्डर असतें. आजोबांचा फॉन्ट तेथें जसाच्या तसा होता. तो लॅपटॉपमध्यें बसवितांच अक्षरें मराठी झालीं. यास्तव आमचें आग्रहाचें सांगणें असें कीं, छायाचित्रें व पत्रें उतरून घेतांना हें फोल्डर अवश्य घ्यावें. फॉन्ट बसल्यावर प्रथम त्या फाईलीची पीडीएफ करून ठेवावी, म्हणजे ती कोठेंहि वाचतां येईल.

मजकूर युनिकोडमध्यें नेण्याचीं साधनें मिळतात, परंतु त्यांवर सर्वस्वीं विसंबूं नये. जुन्या फॉन्टांत ऱ्हस्व वेलांटी दिसते तशी अक्षराच्या आधीं सांठविलेली असे. युनिकोडमध्यें ती अक्षरानंतर येते. या उलटापालटींत वेलांट्या आणि रफार घसरतात. पत्रांत अशी चूक संदर्भावरून कळते. विशेषनामांत ती कशावरून कळावी? 'गिरिजा' आणि 'कीर्ति' यांची काय दशा होते तें एकदां पाहण्यासारखें आहे.

म्हणून पीडीएफवरून छापलेली एक प्रत आणि युनिकोडमधील दुसरी, अशा दोन्ही काकूंपुढें ठेवण्यांत आल्या. ऐंशी वर्षांच्या या बाईंनीं तीं नांवें सासऱ्यांच्या तोंडून ऐकलेलीं. त्या घरांत आतां तीं जाणणारें दुसरें कोणी नाहीं. चार दिवस बसून त्यांनीं पेन्सिलीनें अकरा ठिकाणीं वेलांट्या सुधारल्या. त्याखेरीज, संगणकाच्या हातून नव्हे तर मूळ लेखनांतच सुटलेलीं तीन नांवें त्यांनीं समासांत लिहिलीं. तिन्ही मुलींचीं होतीं. नातू आतां तीं वंशावळींत घालीत आहे. तें पुरें झालें म्हणजे एक प्रत परभणीस आणि एक पुण्यास जावयाची आहे.