मॅनिफोल्ड रूममधली माणसं

हाय फ्लोवर ठेवलेल्या एका कोविड रुग्णाला मिनिटाला ६० लिटरपर्यंत ऑक्सिजन लागतो. रुग्णालयात असे ४० रुग्ण असले तर मिनिटाला २,४०० लिटर. जम्बो सिलिंडरमध्ये साधारण ७,००० लिटर वायू मावतो. म्हणजे दर तीन मिनिटांना एक सिलिंडर रिकामा. तो सोडवायचा, भरलेला जोडायचा, पान्ह्याने नट आवळायचा, गळती नाही ना ते पाहायचं, व्हॉल्व्ह अगदी हळू उघडायचा आणि लगेच पुढच्याकडे वळायचं. एप्रिल २०२१ मध्ये पुण्यातल्या कितीतरी रुग्णालयांच्या मागच्या अंगाला, पत्र्याच्या शेडमध्ये किंवा तळघरात, हे काम तिन्ही पाळ्यांत चालू होतं. तिथे ना नातेवाईक जात होते, ना कॅमेरे.

त्या जागेला मॅनिफोल्ड रूम म्हणतात. भिंतीला लागून सिलिंडरच्या दोन रांगा असतात. एक रांग चालू, दुसरी राखीव. चालू रांगेचं प्रेशर उतरलं की भार राखीव रांगेवर जातो आणि तेवढ्या वेळात पहिली रांग बदलून तयार ठेवायची असते. पाइपलाइनमध्ये साधारण चार बार दाब टिकवायचा. काटा त्याखाली घसरू लागला की वरच्या मजल्यावरचे व्हेंटिलेटर एकामागून एक ओरडू लागतात. डॉक्टर आणि परिचारिकांच्या कष्टांची आठवण आपण ठेवली, ती ठेवायलाच हवी होती. पण ज्याच्या हातात तो पान्हा होता, त्याचं नाव आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

पुण्यात कोविडचे पहिले दोन रुग्ण ९ मार्च २०२० रोजी सापडले. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये शिवाजीनगरला सीओईपी या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या मैदानावर ८०० खाटांचं जम्बो रुग्णालय उभं राहिलं. हे महाविद्यालय १८५४ मध्ये सुरू झालं ते सार्वजनिक बांधकामांसाठी हाताखालचे तंत्रज्ञ घडवण्याकरता. त्याच्याच मैदानावर इतकं मोठं तांत्रिक काम व्हावं, हा योग मला महत्त्वाचा वाटतो. बाहेरून ते मांडवाचं रुग्णालय दिसे. आत मात्र ऑक्सिजनच्या नळ्या, द्रव ऑक्सिजनच्या टाक्या, जनरेटर, यूपीएस, वातानुकूलन, पाणी आणि सांडपाणी, सगळं शून्यातून जोडलेलं होतं. पहिली लाट ओसरल्यावर ते बंद झालं आणि मार्च २०२१ मध्ये पुन्हा उघडावं लागलं. महिनोन्‌महिने थांबलेली यंत्रणा चालू करणं नव्या उभारणीइतकंच नाजूक असतं. रबरी सील सुकतात, बॅटऱ्या उतरतात. प्रत्येक सांधा पुन्हा तपासावा लागतो, तेही रुग्णवाहिका दारात येऊ लागलेल्या असताना.

पुण्याला लागणारा द्रव ऑक्सिजन मुख्यतः चाकणहून येई. तिथल्या आयनॉक्ससारख्या प्रकल्पांत हवा थंड करत करत तिचे घटक वेगळे करतात. ऑक्सिजन उणे १८३ अंशांना द्रव होतो. असा प्रकल्प वीज गेल्याने बंद पडला तर बटण दाबून लगेच उत्पादन मिळत नाही. शुद्धता पुन्हा यायला काही तास जातात. म्हणून त्या दिवसांत चाकणच्या फीडरवर लक्ष ठेवणारा महावितरणचा लाइनमनही, माझ्या लेखी, आरोग्यसेवेतच होता.

टँकर रुग्णालयात पोचला म्हणजे काम संपलं असं नाही. एक लिटर द्रवाचा साधारण ८६० लिटर वायू होतो. त्यासाठी टाकीशेजारी व्हेपोरायझर उभा असतो, पंखांसारख्या पट्ट्यांचा. त्या पट्ट्या हवेतली उष्णता घेऊन द्रवाचा वायू करतात. पण ठरलेल्या क्षमतेपेक्षा जास्त ऑक्सिजन ओढला की पट्ट्यांवर बर्फाचे थर चढतात आणि उष्णता आत जाईनाशी होते. दुसऱ्या लाटेत ओढ अशीच बेसुमार होती. मग पाइप लावून पाणी मारायचं, बर्फ पाडायचा, काही मिनिटांनी पुन्हा पाणी. व्हेपोरायझर एखाद्या रात्री गोठला तर टाकी भरलेली असूनही वॉर्डात वायू कमी पडू शकतो, हे वरच्या मजल्यावर कोणाला सुचणारही नाही.

राज्य सरकारने ३० मार्च २०२१ रोजी आदेश काढला: उत्पादनातला ८० टक्के ऑक्सिजन रुग्णालयांना, २० टक्के उद्योगांना. राज्याचं रोजचं उत्पादन होतं सुमारे १,२५० टन. तेही पुरेना, तेव्हा १९ एप्रिलला कळंबोलीहून रिकामे टँकर घेऊन रेल्वे विशाखापट्टणमला निघाली. आदेशाचा परिणाम भोसरी, चाकणच्या वर्कशॉपांवर झाला. गॅस कटिंग थांबलं आणि सिलिंडर रुग्णालयांकडे वळले. नायट्रोजन आणि आर्गनचे सिलिंडरही ऑक्सिजनसाठी बदलून घ्यायला केंद्राने परवानगी दिली. सिलिंडर बदलणं म्हणजे रंग बदलणं नव्हे. तो आतून रिकामा करून धुवायचा, सुकवायचा, व्हॉल्व्ह बदलायचा. तेलाचा अंशही राहता कामा नये, कारण दाबाखालच्या शुद्ध ऑक्सिजनला ग्रीस लागलं की ठिणगीशिवायही पेट घेऊ शकतं. कारखान्यातल्या फिटरचे हात आयुष्यभर ऑइल-ग्रीसमध्ये. इथे तेच हात, तोच पान्हा, तोच हातमोजा कोरडा ठेवायची सवय लावून घ्यावी लागते.

या कामाची किंमत आपल्याला कळली ती ते चुकल्यावरच. २१ एप्रिल २०२१ रोजी नाशिकच्या डॉ. झाकिर हुसेन रुग्णालयात टँकरमधून टाकी भरताना गळती झाली, पांढरा ढग आवारात पसरला, पाइपलाइनचा दाब कोसळला आणि त्या दिवशी २२ रुग्ण दगावले. दोनच दिवसांनी विरारच्या विजय वल्लभ रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागली. त्याआधी ९ जानेवारीला भंडाऱ्यात नवजात बालकांच्या कक्षातल्या आगीत दहा बाळं गेली. अशा घटनांनंतर चौकशी होते, माणसं निलंबित होतात. पण तपासणीची वही कोण भरत होतं, रात्री ड्यूटीवर कोण होतं आणि त्याला किती प्रशिक्षण मिळालं होतं, हे प्रश्न बातम्यांबरोबरच विरतात. २१ जानेवारी २०२१ रोजी पुण्याजवळ मांजरीत, लस बनवणाऱ्या सीरम इन्स्टिट्यूटच्या काम चालू असलेल्या इमारतीत आग लागून पाच कामगार गेले. लशीच्या पुण्याचा अभिमान सांगताना ते पाच जणही सांगायला हवेत.

वातानुकूलनाचा प्रश्नही ऑक्सिजनइतकाच अवघड होता. नेहमीचा सेंट्रल एसी खोलीतलीच हवा फिरवतो. संसर्गाच्या वॉर्डात हवा बाहेर टाकून आत दाब किंचित कमी ठेवावा लागतो. मग दूषित हवेचे फिल्टर बदलायला कोणीतरी डक्टशी उभं राहायचं. पीपीई किट घालून, शिडीवर, मे महिन्यात.

दुसऱ्या लाटेनंतर राज्यभर रुग्णालयांत हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारे पीएसए प्लँट बसले. त्यात दोन टाक्यांमध्ये झिओलाइट असतं. ते हवेतला नायट्रोजन धरून ठेवतं आणि सुमारे ९३ टक्के शुद्धतेचा ऑक्सिजन पुढे जातो. एक टाकी काम करते तेव्हा दुसरी नायट्रोजन सोडून देते. झिओलाइटला ओल सोसत नाही. पुण्याच्या पावसाळ्यात ड्रायर बिघडला किंवा कॉम्प्रेसरचं तेल फिल्टर ओलांडून गेलं, तर शुद्धता घसरते आणि महागाचं झिओलाइट वाया जातं. त्यामुळे गरज नसतानाही प्लँट ठरावीक दिवशी चालवावा लागतो, फिल्टर मुदतीत बदलावे लागतात, ऑक्सिजनची टक्केवारी मोजून लिहावी लागते. हे चालवण्याचं प्रशिक्षण आयटीआयमधून देण्यात आलं, ते योग्यच होतं. पण शिकलेल्या माणसाला कायमची जागा नसेल, तर तो चार महिन्यांत कंपनीत जातो. त्याला दोष देता येत नाही.

प्लँटचं उद्‌घाटन एकदाच होतं, देखभालीचा खर्च दर वर्षी येतो. अंदाजपत्रकात पहिली कात्री याच खर्चाला लागते, आणि हे थांबलं पाहिजे. प्रत्येक सरकारी आणि महापालिका रुग्णालयात ऑक्सिजन, वीज आणि वातानुकूलनासाठी तिन्ही पाळ्यांत प्रशिक्षित, कायमस्वरूपी तंत्रज्ञ असायला हवा. त्याला संसर्गाच्या काळात डॉक्टरांइतकंच विम्याचं आणि साधनांचं संरक्षण मिळायला हवं. आपल्या प्रभागातल्या रुग्णालयात पीएसए प्लँट आहे का, तो शेवटचा कधी चालवला, आज रात्रपाळीला तिथे कोण आहे, हे तीन प्रश्न आपल्या नगरसेवकाला लेखी विचारा आणि उत्तरही लेखीच मागा.