गिझर दुरुस्त करावा की नवा घ्यावा?



थंडी सुरू झाली की घरोघरी एक तक्रार हमखास ऐकू येते, "गिझर चालत नाही." मेकॅनिक येतो, वरवर बघतो आणि म्हणतो, "यात आता काही राहिलं नाही, नवाच घ्या." खरंच नवा घ्यावा लागतो का? बऱ्याच वेळा नाही. पण काही वेळा जुन्यालाच चिकटून बसणं जिवावर बेतू शकतं. हा फरक ओळखायचा कसा, ते आज समजून घेऊया. (इथे आपण विजेवर चालणाऱ्या, टाकीच्या गिझरबद्दल बोलतोय. गॅस गिझरचा विषय वेगळा आहे. त्याच्याबद्दल एवढंच सांगते की तो बंद बाथरूममध्ये कधीच लावू नका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.)

गिझरच्या आत पोलादाची टाकी असते. बहुतेक गिझरमध्ये तिला आतून काचेसारखा एनॅमलचा लेप दिलेला असतो. पाणी तापवायला कॉइल, ठरलेल्या तापमानाला वीज तोडायला थर्मोस्टॅट, आणि थर्मोस्टॅट अडकलाच तर वाचवायला कटआउट. शिवाय मॅग्नेशियमची एक कांडी असते, तिचं नाव फार कमी लोकांनी ऐकलेलं असतं. मॅग्नेशियम लोखंडापेक्षा जास्त क्रियाशील आहे, म्हणून पाण्यात आधी तेच झिजतं आणि टाकी गंजायची वाचते. कांडी संपली की पाळी टाकीची.

आता पाणी गरमच होत नसेल तर? एमसीबी पडलाय का ते पाहा. बऱ्याच मॉडेलमध्ये कटआउटला एक छोटं बटण असतं, ते एकदा दाबलं की काम होतं. पण ते पुन्हा पुन्हा पडत असेल तर दाबत बसू नका, थर्मोस्टॅट तपासून घ्या. त्यानंतर कॉइल. एमसीबी बंद करून आणि वायरी सोडवून इलेक्ट्रिशियन मल्टिमीटर लावतो, तेव्हा तुम्हीही शेजारी उभे राहा. 2000 वॅटच्या कॉइलचा रोध 230 × 230 ÷ 2000, म्हणजे साधारण 26 ओहम यायला हवा. मीटरने काहीच जोड दाखवला नाही तर कॉइल तुटलीय. कॉइल, थर्मोस्टॅट, गॅस्केट या सगळ्या बदलता येणाऱ्या वस्तू आहेत. त्यांच्यासाठी अख्खा गिझर टाकून द्यायची गरज नाही.

"गरम होतं, पण फार वेळ लागतो" ही तक्रार आली तर आधी गणित करा. (मी हे वर्गातही करून घेते, मुलांना आवडतं.) 1 लिटर पाणी 1 अंशाने तापवायला सुमारे 4.2 किलोज्यूल लागतात. 15 लिटर पाणी 20 वरून 60 अंशांवर न्यायचं तर 15 × 40 × 4.2 = 2520 किलोज्यूल. एक युनिट म्हणजे 3600 किलोज्यूल, म्हणजे 0.7 युनिट वीज आणि 2000 वॅटच्या गिझरला साधारण 21 मिनिटं. आता गावाकडे व्होल्टेज 230 ऐवजी 180 आलं, तर कॉइलची ताकद 2000 वरून जवळपास 1225 वॅटवर येते आणि त्याच पाण्याला 34 मिनिटं लागतात. गिझर चांगलाच आहे, लाईन कमी आहे! मेकॅनिकला बोलावण्याआधी हे बघा.

बोअरचं पाणी असेल तर कॉइल लवकर जाते. साबणाला फेस न येणारं जड पाणी तापलं की त्यातला क्षार कॉइलवर पांढऱ्या थराने बसतो. बंबाच्या आत जो थर बसायचा, तोच हा. थरामुळे कॉइलची उष्णता पाण्यात नीट जात नाही, ती आतल्या आत तापते आणि शेवटी तडकते.

कॉइल तडकली की वीज पाण्यात उतरते. नळाला हात लावल्यावर जराशा जरी झिणझिण्या आल्या तरी लगेच एमसीबी बंद करा आणि दुरुस्तीपर्यंत लावू नका. अर्थिंग नीट असेल आणि 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवलेली असेल तर ती आपोआप पडते. "सारखी पडते, काढूनच टाकू" असं कुणी म्हणालं तर त्याला अजिबात काढू देऊ नका. पडणं हेच तिचं काम आहे.

आता सेफ्टी व्हॉल्व्ह. गिझर चालू असताना त्यातून थेंब थेंब पाणी गळतं आणि लोक वैतागतात. पण 15 लिटर पाणी 20 वरून 60 अंशांवर गेलं की जवळपास पाव लिटर फुगतं. पाणी दाबून लहान करता येत नाही, मग ते वाढीव पाणी जाणार कुठे? बंबाचं बरं होतं, टाकी बंदिस्त नव्हती, दाब साठतच नव्हता. गिझर बंदिस्त असतो. म्हणून गळतं म्हणून त्या व्हॉल्व्हला बूच मारणं हा फार मोठा धोका आहे. थर्मोस्टॅट आणि कटआउट दोन्ही बिघडले तर टाकी फुटू शकते. गिझर बंद असतानाही धार लागली असेल, तर व्हॉल्व्ह बदला. बूच मात्र नको.

मग नवा कधी घ्यायचा? टाकीच गळायला लागली की. खालचं झाकण काढून आत पुसून पाहा. कॉइलच्या चकतीभोवती ओल असेल तर गॅस्केट गेलंय, ते बदला. पाणी टाकीच्या पत्र्यातून येत असेल तर मात्र विषय संपला. वेल्डिंग करून देतो म्हणणारेही भेटतील, पण वेल्डिंगच्या उष्णतेने आतला लेप जळतो आणि तिथूनच गंज पुन्हा सुरू होतो. दुसरी खूण म्हणजे थंड पाणी स्वच्छ आणि गरम पाणी तांबूस येणं. टाकी आतून गंजतेय, तेव्हा कॉइलवर पैसे घालू नका.

नवा घेताना आयएस 2082 ची खूण आणि स्टारचं लेबल पाहा. टाकीची वॉरंटी वेगळी लिहिलेली असते, ती वाचा. 2000 वॅटचा गिझर जवळपास 9 अँपिअर ओढतो, म्हणून त्याला 16 अँपिअरचाच सॉकेट हवा. जड पाणी असेल तर दर दोन वर्षांनी मॅग्नेशियमची कांडी काढून बघायला सांगा. आणि नवा बसवला की बटण दाबायची घाई नको. गरम पाण्याचा नळ उघडा, त्यातून एकसारखी धार येऊ द्या, म्हणजे टाकी भरली. रिकाम्या टाकीत कॉइल चालू झाली तर ती पहिल्याच दिवशी जळते.