परकीय किती येऊ द्यावेत?
देशात परकीय किती येऊ द्यावेत, हे स्वित्झर्लंडात मतदारच ठरवितात. १९७० साली बहुतेक प्रांतांत परकीयांस दहा टक्क्यांची मर्यादा घालण्याची सूचना ५४ टक्क्यांनी फेटाळली. मतदार मात्र केवळ पुरुष होते! २०१४ साली स्थलांतर आवरण्याच्या बाजूने ५०.३ टक्के कौल पडला. नवल असे की, परकीयांची दाट वस्ती असलेल्या झुरिक, जिनिव्हा, बाझल येथे विरोध झाला. परकीय तुरळक अशा पुष्कळ खेड्यांनी मर्यादा मागितली. ओळख नसली की भय वाढते, असे आम्ही म्हणणारच होतो. पण इटलीलगतच्या तिचिनो प्रांताचा होकार सर्वांत मोठा! रोज सीमा ओलांडून येणाऱ्या कामगारांमुळे मजुरी घसरेल, ही तेथील धास्ती. तिला अज्ञान कसे म्हणावे? २०२० साली मात्र युरोपीय संघाशी असलेला मुक्तसंचाराचा करार मोडण्यास ६१.७ टक्क्यांनी नकार दिला.