अतिभारण व अखंड परिवर्ती प्रेषण

अतिभारण व अखंड परिवर्ती प्रेषण : मोटारगाडीच्या अंतर्ज्वलन-एंजिनात वातावरणीय दाबापेक्षा अधिक दाबाने हवा भरण्याच्या क्रियेस अतिभारण म्हणतात. एंजिनाची शक्ती चाकांकडे नेताना वेगाचे गुणोत्तर ठरावीक पायऱ्यांनी न बदलता सलग बदलणारी यंत्रणा म्हणजे अखंड परिवर्ती प्रेषण होय. सीव्हीटी या आद्याक्षरी नावाने ती अधिक परिचित आहे. या दोहोंचा एकाच गाडीत मेळ घातल्यास लहान एंजिनापासून मोठ्या एंजिनाचे काम मिळते. परंतु मूळ रचनेत अतिभारण नसलेल्या गाडीस ते मागाहून जोडल्यास प्रेषणाचा पट्टा हा सर्वांत दुबळा दुवा ठरतो.

इतिहास : फिलँडर व फ्रान्सिस रूट्स या अमेरिकन बंधूंनी १८६० मध्ये तयार केलेला हवा ढकलणारा पंखा पुढे एंजिनाच्या अतिभारणासाठी वापरात आला. निष्कास वायूंच्या ऊर्जेवर चालणाऱ्या अतिभारकाचे, म्हणजे टर्बोचार्जरचे, एकस्व स्विस अभियंते आल्फ्रेट ब्यूखी यांनी १९०५ मध्ये घेतले. अखंड परिवर्ती प्रेषण नेदर्लंड्समधील डाफ कंपनीने १९५८ मध्ये आपल्या छोट्या गाडीत रबरी पट्ट्यासह बसविले. पोलादी पट्ट्याचा वापर १९८७ मध्ये सुबारू जस्टी या जपानी गाडीत सुरू झाला, तर १९९२ च्या सुबारू व्हिव्हिओ या ६५८ घ. सेंमी. एंजिनाच्या गाडीत अतिभारक व हे प्रेषण एकत्र आले. महाराष्ट्रातील वाचकांस या तत्त्वाचा परिचय प्रथम स्कूटरमुळे झाला. पुण्याच्या कायनेटिक उद्योगसमूहाने जपानच्या होंडा कंपनीच्या सहकार्याने १९८४ मध्ये बाजारात आणलेल्या स्कूटरमध्ये दंतचक्रे बदलण्याची आवश्यकता नव्हती. तिच्यातील रबरी पट्टा व सरकत्या कप्प्या ते काम आपोआप करीत.

रचना व कार्य : प्रेषणात शंक्वाकार बाजूंच्या दोन कप्प्या असतात. प्रत्येक कप्पीची एक बाजू तेलाच्या दाबाने सरकते. बाजू जवळ आल्या की पट्टा बाहेरच्या मोठ्या त्रिज्येवर चढतो, दूर गेल्या की आत उतरतो. मोटारगाडीतील पट्टा सु. ४०० पोलादी खंडांचा असून ते पातळ पोलादी कड्यांच्या दोन संचांवर ओवलेले असतात. शक्ती मुख्यतः हे खंड एकमेकांस ढकलून पुढे नेतात. कप्पी व पट्टा यांना दाते नसल्याने सर्व भार घर्षणावर असतो, आणि हे घर्षण तेलाच्या पापुद्र्यातून घडत असल्यामुळे त्याचा गुणांक केवळ सु. ०·०९ असतो.

यावरून लागणाऱ्या दाबाचा अंदाज करता येतो. एंजिनाचे परिपीडन, म्हणजे टॉर्क, १५० न्यूटन-मीटर, चालक कप्पीवरील पट्ट्याची त्रिज्या ३ सेंमी. व कप्पीच्या बाजूंचा अर्धकोन ११° धरल्यास पट्टा घसरू नये म्हणून सु. २७,००० न्यूटन, म्हणजे पावणेतीन टन वजनाइतका दाब द्यावा लागतो. अतिभारणाने परिपीडन ३०% वाढले, तर हाच दाब ३५,००० न्यूटनांवर जातो. गाडी जागेवरून निघताना किंवा चढावर पट्टा चालक कप्पीच्या सर्वांत लहान त्रिज्येवर असतो. शिवाय द्रवीय परिवर्तक असल्यास तो एंजिनाचे परिपीडन वाढवूनच पुढे देतो. म्हणून धोका सर्वाधिक असतो तो याच वेळी.

परस्परपूरकता : टर्बोचार्जरचे चाक मिनिटास लाखाहून अधिक फेरे घेते, त्यास गती येण्यास क्षणभर विलंब लागतो. नेहमीच्या दंतचक्र-पेटीत दर वेळी गती बदलताना दाब ओसरतो. अखंड परिवर्ती प्रेषण एंजिनाचा वेग हव्या त्या पट्ट्यात स्थिर ठेवीत असल्यामुळे दाब टिकून राहतो, हा या मेळाचा मोठा लाभ होय. तथापि उत्पादकही येथे संयम पाळतात. २०२० मध्ये भारतात आलेल्या निस्सान मॅग्नाइट या गाडीचे ९९९ घ. सेंमी. टर्बो एंजिन हस्तचालित दंतचक्र-पेटीबरोबर १६० न्यूटन-मीटर परिपीडन देते, तर अखंड परिवर्ती प्रेषणाबरोबर तेच १५२ न्यूटन-मीटरांपर्यंत मर्यादित ठेवले आहे.

मागाहून केलेली जोडणी : प्रेषणाचा नियंत्रक एंजिनाच्या परिपीडनाचा अंदाज घेऊन तेलाचा दाब ठरवितो. मागाहून अतिभारक बसविला, पण नियंत्रकातील मूळ कोष्टके तशीच राहिली, तर दाब कमी पडून पट्टा घसरतो. एकदा घसरण झाली की कप्पीच्या गुळगुळीत पृष्ठभागावर चरे पडतात, धातूचे कण तेलात मिसळून झडपांत अडकतात आणि दोष वाढत जातो. केवळ पट्टा बदलून असे प्रेषण पूर्ववत होत नाही.

उष्णता हा दुसरा प्रश्न होय. सोलापूर-हैदराबाद राष्ट्रीय महामार्गावरील उमरगा येथे उन्हाळ्यात हवेचे तापमान ४०° से. असताना तिचा दाब दीडपट केला, तर ७०% कार्यक्षमतेच्या संपीडकातून ती सु. ९५° से. तापमानाने बाहेर पडते. त्यामुळे हवेची घनता दीडपट न होता जेमतेम १·२८ पट होते. मधल्या शीतकाने ती ५५° से. पर्यंत थंड केल्यास घनता १·४३ पट होते. शीतक नसल्यास पेट्रोल एंजिनात अकाली ज्वलनाचा ठोका बसून दट्ट्यास इजा पोहोचते. भरल्या गाडीने तासन्‌तास महामार्गावर धावताना प्रेषणाचे तेलही तापते. म्हणून त्यासाठी स्वतंत्र शीतक लागतो.

कायदेशीर बाजू : मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम ५२ अन्वये, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मूळ निर्दिष्ट केलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करण्यास मालकास मनाई आहे. एमएच-२५ या धाराशिव जिल्ह्याच्या संकेतांकाखाली नोंदलेल्या गाडीसही तो नियम लागू आहे. अशा बदलाचा परिणाम उत्पादकाची हमी व विम्याचा दावा यांवरही होऊ शकतो. नव्या प्रतिमानांची चाचणी पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया (स्थापना १९६६) यांसारख्या संस्थांत होते. गॅरेजमधील जोडणीस असा आधार नसतो.

सारांश, अतिभारण व अखंड परिवर्ती प्रेषण यांत मूलतः विरोध नाही. मात्र पट्ट्याची क्षमता, तेलाचा दाब, शीतन व नियंत्रण यांची आखणी एकत्रितपणे झाली पाहिजे. अधिक शक्तीची गरज असलेल्याने मूळ गाडीत फेरफार करण्याऐवजी कारखान्यातच असा मेळ घातलेली गाडी घेणे, हेच सुरक्षित व अखेरीस स्वस्त ठरते.